यंत्राचा ताल आणि हरवलेले हात : डॉन हेन्लीच्या ‘बिल्डिंग द परफेक्ट बीस्ट’ (१९८४) या गीतसंग्रहाचा चिकित्सक विचार

सारांश :
अमेरिकन रॉक गायक डॉन हेन्ली याचा ‘बिल्डिंग द परफेक्ट बीस्ट’ हा दुसरा स्वतंत्र गीतसंग्रह नोव्हेंबर १९८४ मध्ये प्रसिद्ध झाला. सिंथेसायझर आणि ड्रम मशीन यांचा ठळक वापर हे त्याचे बाह्य वैशिष्ट्य होय. या वापराकडे बहुधा त्या काळाची फॅशन म्हणून पाहिले जाते. प्रस्तुत लेखात या संग्रहातील यंत्र हे केवळ साधन नसून आशयाचाच एक घटक आहे, अशी मांडणी केली आहे. मानवी हाताच्या कामाचे विस्थापन हे या संग्रहाचे मध्यवर्ती सूत्र असून त्याची प्रचीती शब्दांइतकीच ध्वनिरचनेतूनही येते. जेथे हा संबंध तुटतो तेथे संग्रह दुबळा होतो, हेही येथे दाखविले आहे.

बीजसंज्ञा : रॉक संगीत, सिंथेसायझर, ड्रम मशीन, विरोधलय, श्रम, स्मृती.

प्रस्तावना :

लोकप्रिय संगीताची समीक्षा आपल्याकडे अद्याप पुरेशी रुजलेली नाही. शास्त्रीय संगीताविषयी मराठीत लेखनाची मोठी परंपरा आहे. नाट्यसंगीत व भावगीत यांच्याविषयीही विपुल लिहिले गेले आहे. पाश्चात्त्य रॉक संगीताचा विचार मात्र ‘तरुणांचा गोंगाट’ किंवा ‘बाजारू करमणूक’ अशा दोन शब्दांत उरकला जातो. वस्तुतः विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील समाज, तंत्रज्ञान आणि व्यक्तिमन यांचे परस्परसंबंध समजून घेण्यासाठी हे संगीत म्हणजे महत्त्वाचा दस्तऐवज आहे.

कलाकृतीच्या रूपाचा विचार करताना बा. सी. मर्ढेकरांनी ‘सौंदर्य आणि साहित्य’ या ग्रंथात मांडलेली लयतत्त्वे येथे उपयोगी पडतात. संवाद, विरोध आणि समतोल या तीन तत्त्वांनी कलाकृतीतील घटकांचे संबंध नियत होतात, असे मर्ढेकर म्हणतात. ‘बिल्डिंग द परफेक्ट बीस्ट’मधील शब्द आणि ध्वनी यांचे नाते प्रामुख्याने विरोधलयीचे आहे. शब्द माणसाची बाजू घेतात, ध्वनी यंत्राचा असतो. हा विरोध कलात्मक आहे की केवळ विसंगती, हा प्रस्तुत लेखाचा मुख्य प्रश्न आहे.

पार्श्वभूमी :

डॉन हेन्लीचा जन्म १९४७ चा. टेक्सास राज्यातील लिंडेन या लहानशा गावात तो वाढला. १९७१ मध्ये लॉस एंजेलिस येथे स्थापन झालेल्या ‘ईगल्स’ या समूहाचा तो ड्रमवादक व एक प्रमुख गायक होता. ‘हॉटेल कॅलिफोर्निया’ (१९७६) या संग्रहाने या समूहाला जागतिक कीर्ती मिळाली. गिटारींचा भरणा, अनेक कंठांतून उमटणारा स्वरमेळ आणि ग्रामीण अमेरिकेच्या ‘कंट्री’ संगीताशी असलेले नाते ही ईगल्सच्या संगीताची ओळख होती. १९८० मध्ये हा समूह फुटला. १९८२ मध्ये हेन्लीचा ‘आय कान्ट स्टँड स्टिल’ हा पहिला स्वतंत्र संग्रह आला. त्यातील दूरचित्रवाणीच्या बातमीदारीवर टीका करणारे ‘डर्टी लाँड्री’ हे गीत गाजले. परंतु संग्रह म्हणून त्याला स्वतःचा असा ध्वनी सापडला होता, असे म्हणता येणार नाही.

तो ध्वनी दुसऱ्या संग्रहात सापडला. याच्या निर्मितीत हेन्लीसोबत गिटारवादक व गीतकार डॅनी कॉर्चमार आणि ध्वनितंत्रज्ञ ग्रेग लडान्यी यांचा प्रमुख वाटा होता. टॉम पेटीच्या समूहातील माइक कॅम्पबेल व बेनमाँट टेंच, ‘टोटो’ समूहातील स्टीव्ह पोरकारो, गीतकार रँडी न्यूमन अशा अनेकांचे साहाय्य लाभले. म्हणजे संग्रहावर नाव एकाचे असले तरी काम अनेकांचे आहे.

ज्या काळात हा संग्रह घडला तो वाद्यतंत्राच्या इतिहासातील संक्रमणाचा काळ होता. १९८० मध्ये रॉजर लिन याने ‘एलएम-१’ हे ड्रम मशीन बाजारात आणले. पूर्वीची तालयंत्रे विजेच्या साहाय्याने कृत्रिम आवाज निर्माण करीत. लिनच्या यंत्रात प्रत्यक्ष ड्रम्सवरील आघातांचे ध्वनिमुद्रण अंकीय स्वरूपात साठविलेले होते. १९८२ मध्ये त्याची ‘लिनड्रम’ ही पुढील आवृत्ती आली. १९८३ मध्ये यामाहा कंपनीचा ‘डीएक्स-७’ हा सिंथेसायझर आला आणि त्याच वर्षी निरनिराळ्या कंपन्यांची वाद्ये परस्परांशी जोडणारी ‘मिडी’ ही समान प्रणाली रूढ होऊ लागली. या बदलाचे स्वागत सर्वत्र झाले नाही. १९८२ मध्येच ब्रिटनमधील वादकांच्या संघटनेच्या लंडन शाखेने सिंथेसायझरवर बंदीची मागणी करणारा ठराव केला होता. वादकाच्या रोजगाराचा प्रश्न त्यामागे होता. हेन्लीच्या संग्रहाचा विचार या प्रश्नापासून अलग करता येत नाही.

ड्रमवादकाने स्वीकारलेले यंत्र :

संग्रहाची सुरुवात ‘द बॉइज ऑफ समर’ या गीताने होते. या गीताची जन्मकथा बोलकी आहे. माइक कॅम्पबेलने ओबरहाइम सिंथेसायझर आणि लिनड्रम यांच्या साहाय्याने घरीच एक कच्ची संगीतरचना तयार केली होती. ती प्रथम टॉम पेटीकडे गेली. पेटी त्या वेळी ‘सदर्न अ‍ॅक्सेंट्स’ (१९८५) या संग्रहावर काम करीत होता; त्याला ही रचना आपल्या कामात बसेना. निर्माता जिमी आयोव्हीन याच्या सूचनेवरून ती हेन्लीकडे आली आणि हेन्लीने तिला शब्द दिले. अशा प्रकारे यंत्रावर सिद्ध झालेली चौकट आधी आणि मानवी कंठ नंतर, असा या गीताचा निर्मितिक्रम आहे.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. हेन्ली स्वतः ड्रमवादक. ताल हे त्याचे मूळ कर्म. तरीही आपल्या सर्वांत प्रसिद्ध स्वतंत्र गीतात त्याने ताल यंत्राकडे सोपविला आणि स्वतःकडे केवळ स्वर ठेवला. हा निव्वळ सोयीचा निर्णय असता तर त्याची दखल घेण्याचे कारण नव्हते. परंतु गीताचा आशय पाहिला म्हणजे या निर्णयाचा अर्थ उलगडतो. गीतातील निवेदक उन्हाळा सरल्यानंतरच्या ओस किनाऱ्यावर एका गेलेल्या प्रेमाची आठवण काढतो. मागे वळून पाहू नये हे त्याला कळते, तरीही तो पाहतोच. गीतभर लिनड्रमचा आघात न थकता, न अडखळता चालू राहतो. माणूस वादक असता तर गाण्याच्या भावावेगाबरोबर त्याचा हात किंचित पुढेमागे झाला असता. यंत्राला ते ठाऊक नाही. काळ माणसाच्या दुःखासाठी थांबत नाही, हे विधान येथे शब्दांनी करावे लागत नाही. तालच ते करतो. मर्ढेकरांच्या परिभाषेत बोलावयाचे तर कंठातील ओढ आणि तालातील निर्विकारता यांच्यातील विरोधलय हेच या गीताच्या सौंदर्याचे अधिष्ठान होय.

याहून सूक्ष्म अशी आणखी एक बाब आहे. लिनड्रममधील आघात कृत्रिम नाहीत. कोण्या एका वादकाच्या हाताने कधीतरी केलेले ते खरे आघात आहेत. हात निघून गेला आहे आणि त्याचा ध्वनी तेवढा उरला आहे. स्मृतीचे स्वरूपही याहून निराळे नसते. म्हणून हरवलेल्या व्यक्तीच्या स्मरणाचे गीत अशा यंत्राच्या तालावर उभे राहणे अन्वर्थक ठरते.

कॅम्पबेलने पुढे मुलाखतींतून सांगितलेली हकिकतही येथे नमूद करण्याजोगी आहे. गीताचे ध्वनिमुद्रण होत आल्यावर हेन्लीला आपल्या गळ्यासाठी पट्टी बदलणे आवश्यक वाटले आणि सर्व काम नव्याने करावे लागले. ओघात, उत्स्फूर्तपणे वाजविलेले गिटारचे स्वर कॅम्पबेलला पुन्हा जसेच्या तसे वाजवावे लागले. येथे यंत्राने माणसासारखे वागावे ही अपेक्षा उलटी होऊन माणसालाच यंत्रासारखी अचूक पुनरावृत्ती करावी लागली. गीताच्या अखेरीस उंच चढत जाणारी गिटार ऐकताना ही पुनरावृत्ती जाणवत नाही, हे कॅम्पबेलच्या कौशल्याचे यश मानावे लागेल.

गीताच्या उत्तरार्धात रस्त्यावरून जाणाऱ्या एका कॅडिलॅक मोटारीवर ‘ग्रेटफुल डेड’ या समूहाच्या चाहत्यांचे चिन्ह दिसते. साठच्या दशकातील प्रतिसंस्कृतीचे चिन्ह आणि सुखवस्तू वर्गाची गाडी यांना एकत्र आणणारी ही एकच प्रतिमा एका पिढीच्या तडजोडीचा इतिहास सांगते. वैयक्तिक विरह येथे सामाजिक होतो. २००३ मध्ये ‘द अटारीज’ या तरुण समूहाने हे गीत पुन्हा गायिले तेव्हा त्यांनी या ठिकाणी ‘ब्लॅक फ्लॅग’ या पंक समूहाचे नाव घातले. प्रत्येक पिढीला आपली तडजोड दाखविणारे एक चिन्ह लागते, हे यावरून दिसून येते. शीर्षकातील शब्दबंध मात्र जुना आहे. डिलन टॉमसच्या कवितेत तो येतो आणि रॉजर कान याच्या बेसबॉलविषयक पुस्तकालाही (१९७२) हेच शीर्षक आहे.

नृत्य आणि अपराध :

‘ऑल शी वॉन्ट्स टू डू इज डान्स’ हे कॉर्चमारने लिहिलेले गीत वरवर पाहता नाचाचे गाणे आहे. प्रत्यक्षात ते एका अशांत, अनाम देशातील अमेरिकन पाहुण्यांचे चित्र रेखाटते. भोवती बंड पेटले आहे, शस्त्रांचे व्यवहार चालू आहेत आणि निवेदकाच्या सोबतच्या स्त्रीला केवळ नाचावयाचे आहे. निकाराग्वामध्ये १९७९ मध्ये सँडिनिस्टा सत्तेवर आले होते आणि रेगन प्रशासन त्यांच्या विरोधातील ‘काँट्रा’ बंडखोरांना साहाय्य करीत होते, हा संदर्भ तत्कालीन श्रोत्याला वेगळा सांगण्याची गरज नव्हती.

या गीतातील सिंथेसायझरचा ठेका इतका आकर्षक आहे की श्रोत्याचे पाऊल नकळत ताल धरते, आणि येथेच गीताची खरी खोच आहे. ज्या बेफिकिरीवर शब्द टीका करतात त्याच बेफिकिरीत संगीत श्रोत्याला ओढते. १९८५ मध्ये हे गीत अमेरिकेतील ‘बिलबोर्ड’च्या एकेरी गीतांच्या यादीत ९ व्या क्रमांकापर्यंत पोहोचले. त्यावर नाचणाऱ्यांपैकी किती जणांनी शब्द ऐकले असतील, हा प्रश्न उरतोच. उपहासाचा हा धोका सनातन आहे. तो ज्याच्यावर असतो त्यालाच पुष्कळदा तो आपला गौरव वाटतो. तरीही उपदेशाऐवजी श्रोत्यालाच साक्षीदार आणि सहभागी करणारी ही रचना राजकीय गीताचा एक प्रगल्भ नमुना आहे, असे म्हणावे लागेल.

उपाहारगृह आणि शहर :

‘सनसेट ग्रिल’ हे सहा मिनिटांहून अधिक लांबीचे गीत लॉस एंजेलिसमधील सनसेट बुलेव्हार्ड या रस्त्यावरील एका साध्या उपाहारगृहाभोवती गुंफलेले आहे. तेथे जुन्या जगातून आलेला एक वृद्ध माणूस आहे; तो प्रत्येक गिऱ्हाइकाला नावाने ओळखतो. बाहेर मात्र माणसाला आतून पोखरणारे महानगर आहे. निवेदक व त्याची सोबतीण एके दिवशी येथून निघून जाण्याचे बेत करतात. पण ते जातील असा विश्वास गीत देत नाही.

या गीताच्या सिंथेसायझर-रचनेत रँडी न्यूमनचा वाटा आहे. तेथे सिंथेसायझर ठेका धरण्याचे काम करीत नाही. तो शहराच्या संध्याकाळचा अवकाश उभा करतो. पिनो पॅलाडिनोचे पडदे नसलेल्या बास गिटारवरील घसरते स्वर या अवकाशात माणसाच्या आवाजासारखे फिरतात. ‘द बॉइज ऑफ समर’मध्ये यंत्र आणि माणूस यांच्यात विरोध आहे, ‘सनसेट ग्रिल’मध्ये त्यांच्यात समतोल साधला आहे. संग्रहातील वाद्ययोजनेचा हा सर्वांत परिपक्व आविष्कार होय.

वगळलेले गीत :

संग्रहाचे मर्म मात्र ‘अ मंथ ऑफ संडेज’ या शांत, संथ गीतात आहे. हे हेन्लीने एकट्याने लिहिले. निवेदक एक वृद्ध आहे. कधीकाळी तो हार्वेस्टर कंपनीत काम करी. आपल्या हातांनी ट्रॅक्टर आणि कापणी-मळणीची यंत्रे घडवी. आता ते काम राहिले नाही, शेतकरी देशोधडीला लागले आणि गाव ओस पडले. घरातील तरुण पिढी राजकारणावर वाद घालते. वृद्ध ओसरीवर बसून पाहत राहतो.

या चित्रामागील वास्तव दारुण होते. १९८० च्या जानेवारीत सोव्हिएत संघाला धान्य विकण्यावर अमेरिकेने निर्बंध घातले. महागाई रोखण्यासाठी मध्यवर्ती बँकेने व्याजदर वाढविले. १९८१ मध्ये ते २० टक्क्यांच्या आसपास पोहोचले. सत्तरच्या दशकात जमिनीच्या चढत्या किमतीवर कर्ज काढलेले शेतकरी जमिनीचे भाव कोसळताच बुडाले. शेतकरीच यंत्र घेईना, तेव्हा यंत्र घडविणारा कामगारही बेकार झाला. हा संग्रह प्रसिद्ध झाला त्याच नोव्हेंबर १९८४ मध्ये ‘इंटरनॅशनल हार्वेस्टर’ने आपला शेती-अवजारांचा व्यवसाय टेनेको कंपनीस विकण्याचा करार जाहीर केला. त्याच महिन्यात ‘अमेरिकेत पुन्हा पहाट झाली आहे’ अशा आशयाचा प्रचार करून रेगन प्रचंड बहुमताने पुन्हा निवडून आले. पुढील वर्षी, २२ सप्टेंबर १९८५ रोजी इलिनॉय राज्यातील शँपेन येथे शेतकऱ्यांच्या साहाय्यार्थ ‘फार्म एड’ ही मोठी संगीतसभा झाली आणि तीत हेन्लीही सहभागी झाला.

या गीताची प्रकाशनकथा विचार करावयास लावणारी आहे. ते कॅसेट व कॉम्पॅक्ट डिस्क या आवृत्त्यांत आहे. मूळ एलपी तबकडीवर नाही. ‘द बॉइज ऑफ समर’च्या एकेरी तबकडीच्या मागील बाजूस मात्र ते होते. तबकडीची वेळमर्यादा पाहता काहीतरी वगळणे समजण्यासारखे आहे. तथापि हातांनी काम करणाऱ्या माणसाला जगाने वगळल्याचे गीतच संग्रहातून वगळले जावे, हा योगायोग अर्थपूर्ण आहे. हे गीत बाजूला ठेवले तर संग्रह एका यशस्वी गायकाच्या शहरी खिन्नतेपुरता उरतो. ते मध्यभागी ठेवले तर शीर्षकगीतासह सर्व रचनांना वेगळा संदर्भ प्राप्त होतो. शीर्षकगीतात मानव आपल्या बुद्धीच्या बळावर परिपूर्ण प्राणी घडवू पाहतो. ट्रॅक्टर घडविणारा कामगार हा त्याच महत्त्वाकांक्षेचा एक साधा, अनाम वाटेकरी होता. त्याने घडविलेल्या जगात त्याला स्वतःला जागा उरली नाही.

मर्यादा :

संग्रहातील सर्व गीते या उंचीवर पोहोचत नाहीत. ‘यू कान्ट मेक लव्ह’, ‘मॅन विथ अ मिशन’ आणि ‘ड्रायव्हिंग विथ युअर आइज क्लोज्ड’ या रचनांत आधुनिक ध्वनी आहे. परंतु तो तेथे का आहे, याचे उत्तर मिळत नाही. शब्द आणि ध्वनी यांच्यात ना विरोध, ना संवाद. केवळ सहवास आहे. शीर्षकगीतातील कल्पना मोठी असली तरी तीत घोषणेचा भाग अधिक आणि अनुभवाचा कमी आहे. स्त्रीचित्रणही एकसुरी आहे. ती बहुधा आठवण असते किंवा बेफिकिरीचे प्रतीक. स्वतःचा आवाज तिला क्वचितच मिळतो. बेलिंडा कार्लाइल, पॅटी स्मिथ-मॅकेन्रो, मार्था डेव्हिस यांसारख्या समर्थ गायिका साथीला असताना हे विशेष जाणवते.

आणखी एक आक्षेप गंभीर आहे. यंत्राने वादकाचा रोजगार हिरावण्याच्या काळात यंत्राच्याच साहाय्याने यश मिळवून बेकार कामगाराबद्दल हळहळ व्यक्त करणे हा दुटप्पीपणा नव्हे काय? संग्रह ‘बिलबोर्ड’च्या यादीत १३ व्या क्रमांकापर्यंत गेला, ‘द बॉइज ऑफ समर’ला १९८५ मध्ये एमटीव्हीचा सर्वोत्कृष्ट चित्रफितीचा आणि १९८६ मध्ये गायनाचा ग्रॅमी पुरस्कार मिळाला. यशाचा वाटा कोणाला मिळाला, हा प्रश्न रास्त आहे आणि त्याचे समाधानकारक उत्तर संग्रहात नाही. एवढे मात्र म्हणता येते की, या संग्रहाने यंत्र लपविले नाही. यंत्राला माणूस म्हणून खपविण्याचा खटाटोप त्यात नाही. तोटा झाला आहे, हे ज्या ध्वनीत ऐकू येते तो ध्वनीच त्याने समोर ठेवला.

हा प्रश्न केवळ अमेरिकेचा नाही. १९८२ मध्ये मुंबईत चरणजित सिंग यांनी रोलंड कंपनीची ज्युपिटर-८, टीबी-३०३ व टीआर-८०८ ही यंत्रे वापरून रागांवर आधारित संग्रह काढला. त्यानंतरच्या काळात हिंदी चित्रपटसंगीतातील मोठे वाद्यवृंद क्रमाने ओसरले. ध्वनिमुद्रणशाळांत पिढ्यान्‌पिढ्या वाजविणाऱ्या वादकांचा हा इतिहास ग्रेगरी बूथ यांनी ‘बिहाइंड द कर्टन’ (२००८) या ग्रंथात नोंदविला आहे. त्या वादकांत गोव्यातून आलेल्यांची संख्या मोठी होती. त्यांच्या हातांविषयीचे ‘अ मंथ ऑफ संडेज’ आपल्या चित्रपटसंगीतात लिहिले गेले नाही.

समारोप :

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात. पहिला असा की, ‘बिल्डिंग द परफेक्ट बीस्ट’मधील सिंथेसायझर व ड्रम मशीन यांचा वापर त्यातील उत्तम गीतांत आशयनिष्ठ आहे, दुय्यम गीतांत तो केवळ कालनिष्ठ आहे. दुसरा, शब्द आणि ध्वनी यांच्यातील विरोधलय हे या संग्रहाच्या यशाचे प्रमुख कारण असून मर्ढेकरांची लयतत्त्वे लोकप्रिय संगीताच्या विश्लेषणासही उपयुक्त ठरतात. तिसरा, ‘अ मंथ ऑफ संडेज’ हे गीत केंद्रस्थानी मानल्यास संग्रहाचे स्मरणरंजन म्हणून केले जाणारे वाचन अपुरे ठरते.

हेन्लीने पुढे ‘दि एंड ऑफ दि इनोसन्स’ (१९८९) या संग्रहात याच चिंता अधिक शांत सुरात मांडल्या आणि १९९० मध्ये थोरोच्या वॉल्डन परिसरातील अरण्य वाचविण्यासाठी संस्था स्थापन केली. आज संगणकप्रणाली गीत, चाल आणि कंठ या तिन्हींची निर्मिती करू लागल्या आहेत. अशा वेळी यंत्र वापरावे की वापरू नये, एवढाच प्रश्न विचारून भागणार नाही. यंत्राच्या ध्वनीत ज्याचे काम गेले त्या माणसाची आठवण शिल्लक आहे की नाही, हे ऐकावे लागेल. ते कसे ऐकावे, याचा एक पाठ या संग्रहाने दिला आहे.